सही जुळत नाही

पुन्हा तेच. तोच व्हिडिओ कॉलवरचा तोतया फौजदार, तीच ‘डिजिटल अटक’, तोच पंचाहत्तरीचा पेन्शनर आणि तशाच मोडलेल्या ठेवी. बँकेचं उत्तरही तेच: व्यवहार ग्राहकानं स्वतः केला, सही त्यांचीच आहे.

या सहीची महती मला ठाऊक आहे. ऐंशी उलटलेल्या मावशीला पाच हजार काढून द्यायला मी बँकेत घेऊन गेलो होतो. हात थरथरतो तिचा. ‘सही जुळत नाही, आजी.’ पुन्हा केली. पुन्हा नाही. तिसऱ्यांदा तिनं श्वास रोखून, पाटीवर गिरवावं तसं एकेक अक्षर काढलं, तेही दोरीनं बांधलेल्या पेनानं. (या दोरीवर मी पूर्वी लिहिलंय, पुन्हा लिहिणार आहे.) शेवटी आधार कार्ड, फोटो, अंगठा. पाच हजारांना चाळीस मिनिटं! मग तसलीच थरथरती सही मुदतीआधी ठेव मोडायच्या अर्जावर आणि लगोलग आरटीजीएसच्या फॉर्मवर, परराज्यातल्या कुठल्याशा खात्याच्या नावे उमटते, तेव्हा ती एका फटक्यात कशी जुळते? ज्या खात्यातून वर्षानुवर्षं वीजबिल आणि किराण्यापलीकडे काही गेलं नाही, ते तासाभरात रिकामं होतं. ‘काका, एवढी घाई कसली?’ एवढं विचारायला कुठलं सॉफ्टवेअर लागतं? म्हणे, खासगी बाबतीत कसं विचारणार! विमा गळ्यात मारताना मुलगा काय करतो, सून कुठे असते, सगळं विचारून होतं की.

‘आम्ही जनजागृती करतो.’ करता ना. इंग्रजी एसेमेसनं.

रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानं ग्राहकाचा दोष सिद्ध करायचं ओझं बँकेवर टाकलं, पण ते त्याच्या संमतीविना झालेल्या व्यवहारांपुरतं. भीतीनं थिजलेल्या माणसाची सही मात्र संमती ठरते. ब्रिटनमध्ये ऑक्टोबर २०२४ पासून, फसवून पाठवायला लावलेले पैसेही साधारणपणे ८५,००० पौंडांपर्यंत भरून द्यावे लागतात. निम्मे पाठवणाऱ्या बँकेनं, निम्मे भामट्याचं खातं सांभाळणारीनं. खिशाला चाट बसली की शिपायालाही शंका येऊ लागते.

आता, काकाही काही कमी नसतात. विचारलं तर ‘माझे पैसे आहेत’ म्हणून खेकसतात. भामट्यानं तसं पढवलेलंच असतं. मग बसवा अर्धा तास, चहा पाजा, मुलीला फोन लावा. रागावतील. रागावू देत.

मावशी अजून त्या कारकुनाचा विषय निघाला की नाक मुरडते. मला मात्र मोठ्या रकमांच्या खिडकीवर तोच बसवलेला हवा आहे.