संध्या, विवेक आणि उंबरा

'संध्या' या शब्दाची व्युत्पत्ती दोन प्रकारे सांगितली जाते. पहिल्या प्रकारात तो 'संधि' म्हणजे सांधा या शब्दाशी जोडला जातो आणि दिवस व रात्र जिथे जुळतात तो काळ, असा त्याचा अर्थ होतो. दुसऱ्या प्रकारात तो 'सम्' या उपसर्गासह 'ध्यै' म्हणजे चिंतन करणे या धातूपासून साधला जातो आणि ज्या वेळी नीट ध्यान करावे ती वेळ, असा अर्थ निघतो. एक अर्थ आकाशाकडे पाहतो, दुसरा मनाकडे, आणि माणूस आपल्या गावात असतो तोवर या दोहोंत फरक करण्याची वेळ त्याच्यावर सहसा येत नाही. परमुलखातल्या गजबजलेल्या शहरात राहू लागल्यावर मात्र प्रश्न उभा राहतो, की सांजवेळेची शांतता काळाने आणि स्थळाने आयती दिलेली असते, की ती माणसाने स्वतः घडवायची असते.

पुणे जिल्ह्यातल्या मावळ तालुक्यात सूर्यास्त वर्षभरात साधारण सहा ते सव्वासात या दरम्यान होतो आणि त्यानंतरचा उजेड वीस-पंचवीस मिनिटांत विरतो. गुरे गोठ्यात परतणे, देवापुढे व तुळशीपाशी दिवा लावणे, मुलांनी हात जोडून शुभंकरोती म्हणणे, हे सारे त्याच अरुंद पट्टीत घडते, म्हणूनच 'दिवेलागण' हे एका कृतीचे नाव वेळेचेही नाव झाले. लंडनमध्ये, जिथे महाराष्ट्र मंडळाची स्थापना 1932 साली झाली आणि मराठी कुटुंबे पिढ्यानपिढ्या नांदत आहेत, जूनच्या अखेरीस सूर्य रात्री सव्वानऊनंतर मावळतो आणि डिसेंबरात दुपारी चारच्या आतच. उन्हाळ्यात मुले अंथरुणात शिरली तरी खिडकीत ऊन असते, तर हिवाळ्यात कचेरी सुटण्याआधीच अंधार पडलेला असतो. आकाशातला सांधा आणि देव्हाऱ्यातली वात यांची अशी फारकत होते. धर्मशास्त्राने संध्येसाठी मुख्य काळासोबत गौण काळ, म्हणजे मुख्य वेळ टळल्यावर चालणारी दुय्यम वेळ, मान्य केला आहे. त्यात ही अडचण नवी नसल्याची कबुली दडलेली आहे.

ही फारकत अनुभवण्यासाठी समुद्र ओलांडावाच लागतो असे नाही. मावळातच, तळेगावच्या औद्योगिक वसाहतीने वेढलेल्या नवलाख उंबरे या गावाच्या परिसरात शेताच्या बांधांलगत कारखान्यांच्या भिंती आल्या, परप्रांतीय कामगार खोल्या घेऊन राहू लागले, आणि पाळीचे काम सुरू झाले. दुपारी लागणारी दुसरी पाळी रात्री सुटते, त्यामुळे तिच्यातल्या माणसाची सांज यंत्रासमोर, पांढऱ्या दिव्यांखाली, नकळत निघून जाते. गावकरी घरीच असूनही सांजेला पारखा होतो आणि परमुलखातला कामगार दुहेरी परका ठरतो.

शांतता आयती मिळते की घडवावी लागते, या प्रश्नाला उपयोगी पडणारी एक संज्ञा मावळातल्याच बौद्ध लेण्यांच्या परंपरेत सापडते. पाली वाङ्मयात 'विवेक' म्हणजे वेगळे होणे, आणि त्यात 'कायविवेक' म्हणजे शरीराने गर्दीपासून दूर जाणे व 'चित्तविवेक' म्हणजे मनाने विकारांपासून दूर होणे, असा भेद केलेला आहे. मराठीत विवेक म्हणजे सारासार निवड. परंतु मूळ धातू 'विच्', म्हणजे वेगळे करणे, हाच असल्याने दोन्ही अर्थ एकमेकांना पूरक आहेत, कारण जो थोडा बाजूला होतो त्यालाच निवडता येते. कार्ले लेण्यातील शिलालेखात उषवदात नावाच्या दात्याने वर्षावासासाठी, म्हणजे पावसाळ्यात भिक्षूंनी एका जागी राहण्यासाठी, करजिक हे गाव दान दिल्याची नोंद आहे, तर चैत्यगृहातील अनेक खांबांवर धेनुकाकट या ठिकाणच्या यवनांची, म्हणजे पश्चिमेकडून आलेल्या परदेशीयांची, नावे दाते म्हणून कोरलेली आहेत. परदेशात राहणाऱ्या माणसांनी दुसऱ्यांच्या एकांताचा एकेक खांब उभारावा, यातून शांततेची गरज मुलूख पाहत नाही हे दिसते. आणि कायविवेकालाही कोणाच्या तरी कष्टाचा आधार लागतो, हेही दिसते.

तुकाराम महाराज 1630-31 च्या दुष्काळानंतर भामनाथ आणि भंडारा या डोंगरांवर एकांतात बसत, परंतु ते देहूला परतत, प्रपंचात राहत आणि कीर्तनात लोकांसमोर उभे राहत. डोंगरावर मिळालेली स्वस्थता त्यांना टाळमृदंगाच्या गजरात टिकवायची होती, म्हणजे कायविवेक हे साधन होते आणि चित्तविवेक हे साध्य.

यावर असा आक्षेप संभवतो की शांतता मनाचीच असेल तर दिवा, वेळ आणि पाट यांची गरज काय. उत्तर असे, की मन आपोआप थांबत नाही. त्याला थांबण्याची खूण लागते, आणि ती बाहेरचीच असावी लागते. उंबरा ही अशीच एक खूण. नरसिंहाच्या कथेत हिरण्यकशिपूचा अंत ना दिवसा ना रात्री, ना घरात ना बाहेर, म्हणजे सांजवेळी उंबऱ्यावर होतो. ज्या सीमारेषेवर त्याला मिळालेल्या वराचे कोणतेच वचन लागू पडत नाही तिथेच अटळ वाटणारे बंधन तुटते. नवलाख उंबरे हे नाव शब्दशः वाचले तर ते नऊ लाख उंबऱ्यांचे होते, आणि उंबरा हे घर मोजण्याचे जुने माप आहे. पाळीहून रात्री परतलेला कामगार चपला बाहेर काढून, दिवा लावून, काही न बोलता पाच मिनिटे बसला, तर घड्याळाच्या लेखी सांज कधीच उलटलेली असते, पण संध्येचा दुसरा अर्थ त्याच्यापुरता त्या क्षणी खरा ठरतो.