जगाच्या बागेतला अर्धा एकर

चाकणहून बदली होऊन इरुंगाट्टुकोट्टैला आलेल्या साहेबांच्या गळ्यात २०१५च्या उन्हाळ्यात एक भलतंच काम पडलं. जानेवारीत मुख्य कचेरीतून परदेशी पाहुणे येणार होते. त्यांना दाखवायला कारखान्याच्या आवारात ‘जगाची बाग’ करायची होती: वाळवंट, विषुववृत्तीय अरण्य, सॅव्हाना, भूमध्य सागरी प्रदेश, तैगा, टुंड्रा. शाळेच्या भूगोलात पाठ केलेले नैसर्गिक प्रदेश ओळीने मांडायचे आणि प्रत्येकापुढे पाटी लावायची.

इरुंगाट्टुकोट्टै चेन्नईच्या पश्चिमेला, बंगळूर महामार्गावर. १९९०मध्ये इथे मोटारशर्यतींचा ट्रॅक झाला, १९९८मध्ये ह्युंदाईच्या गाड्या बाहेर पडू लागल्या आणि मग सुट्या भागांचे कारखाने आजूबाजूला येऊन बसले. साहेबांचा कारखाना त्यांतलाच एक. त्याच्या मागच्या कुंपणाला अर्धा एकर काटेरी, गचपणी रान तसंच उरलं होतं. नकाशावर साहेबांनी तिथे टुंड्रा काढला. टुंड्रात झाडं नसतात, त्यामुळे काम सोपं होतं. जेसीबी लावायचा, रान काढायचं आणि पांढरे गोटे पसरायचे.

मृगाचा मुहूर्त धरून त्यांनी जूनमध्ये खड्डे घेतले. माळीकाम पाहणारे म्हातारे ताता धारावीत बरीच वर्षं राहिलेले, त्यांना मोडकंतोडकं मराठी येई. ते म्हणाले, “साहेब, आता नको. आमचा पाऊस ऑक्टोबरात. आता लावलं तर टँकर पाजावा लागंल.”

“ताता, जूनमध्ये झाडं लावायची नाहीत तर कधी?” साहेब म्हणाले आणि त्यांनी टँकर सांगितला.

खरं तर चेन्नईत वर्षाला सुमारे चौदाशे मिलिमीटर पाऊस पडतो, पुण्याच्या जवळजवळ दुप्पट. पण त्याचा निम्म्याहून अधिक वाटा ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांत, परतीच्या ईशान्य वाऱ्यांबरोबर येतो. आपल्याकडे सह्याद्री भिजत असतो तेव्हा इथे भाजून काढणारे पश्चिमेचे कोरडे वारे वाहतात. साहेबांच्या विषुववृत्तीय अरण्यातले नेचे त्या वाऱ्यात दोन आठवड्यांत करपले. तैगासाठी रोपवाटिकेने ‘ख्रिसमस ट्री’ म्हणून दिलेलं झाड मुळात प्रशांत महासागरातल्या उबदार नॉरफोक बेटाचं. त्याने बर्फ कधी पाहिलेला नाही; बिचाऱ्याला उगाच सायबेरियाचा दाखला मिळाला. वाळवंटातले निवडुंग तेवढे ताठ उभे होते. सॅव्हानात फायबरचा जिराफही सुखात होता.

दिवाळीला वाईहून आई आली. फराळाचं सगळं आवरल्यावर तिने बाग पाहिली, जिराफापाशी थोडं हसली आणि मागच्या रानाकडे वळली. “अरे, ही तर अंजनी!” तिने एक जाड, गडद पान चुरगाळून पाहिलं. “महाबळेश्वरी सगळीकडे हीच. आणि ही करवंदं. अन् ही रायणी. एवढी चांगली झाडं पाडून गोटे कसले घालतोस?”

साहेबांना ते खटकलं. महाबळेश्वरी पाऊस पाच हजार मिलिमीटरच्या वर. इथे वर्षातले सहासात महिने जमीन कोरडी ठाक, तरी हे झुडूप हिरवं कसं? त्या रात्री त्यांनी वाचायला घेतलं. जगाचे हवामान विभाग पाडणारा व्लादिमिर कोपेन मुळात वनस्पतिशास्त्र शिकलेला. १९०० साली त्याने केलेल्या वर्गवारीत रेषा आखल्या त्या झाडांकडे बघून: जिथे झाडोरा बदलतो, तिथे हवामान बदललं. पुढे नकाशे छापणाऱ्यांनी रंग ठेवले आणि झाडं विसरली. त्या नकाशात हा किनारा सॅव्हानाच्या रंगात जातो. पण इथलं मूळ रान गवताळ नाही. चँपियन आणि सेठ यांनी १९६८च्या भारतीय वनप्रकारांच्या यादीत त्याला वेगळा गट दिला, शुष्क सदाहरित वन. कोरोमंडल किनाऱ्याच्या अरुंद पट्ट्यात ते होतं, श्रीलंकेच्या उत्तरेतही त्याचे भाऊबंद आहेत. लहान, चामड्यासारखी पानं आणि खोल मुळं यांवर ते उन्हाळा काढतं. आता ते तुकड्यातुकड्यांनी उरलंय, बरंचसं गावोगावच्या देवरायांत, थोडं चेन्नई शहरातल्या गिंडीच्या राष्ट्रीय उद्यानात. आणि अर्धा एकर टुंड्राच्या जागी.

साहेबांनी लगेच काम थांबवलं असं नाही. पाटी छापून झाली होती, जेसीबीचं भाडंही ठरलं होतं. पण नोव्हेंबरभर पाऊस असा लागला की मशीन चिखलात उतरेना. १ डिसेंबरला तर आभाळ फाटलं. जवळचा चेंबरंबाक्कम तलाव तुडुंब भरला, पाणी अड्यार नदीत सुटलं आणि चेन्नई बुडाली. कारखाना काही दिवस बंद राहिला.

पाणी ओसरल्यावर साहेब आणि ताता बागेतून फिरले. निवडुंग बुडख्यापासून कुजून आडवे झाले होते. ऑलिव्हची मुळं सडली होती. जिराफ कुंपणाला अडकला होता. मागच्या रानात पालापाचोळा अडकलेला, पण सगळं जागच्या जागी, आणि करवंदाला नवी पालवी.

“ताता, हे कुणी लावलं?”

“कुणी नाय. पक्षी.”

जानेवारीत पाहुण्यांना जगाची बाग दाखवता आली नाही. साहेबांनी त्यांना मागे नेलं. पाटी नव्हती, तेव्हा ते स्वतःच बोलत राहिले, ठरल्या वेळेपेक्षा बरंच जास्त. पाहुण्यांपैकी एकाच्या बाहीला करवंदीचा काटा लागला, बाही फाटली, आणि ती भेट तेवढ्यासाठीच पुढे सगळ्यांच्या लक्षात राहिली.

जूनमध्ये पुण्याच्या कचेरीतून पर्यावरणदिनाचं परिपत्रक आलं: पाच तारखेला किती झाडं लावली, फोटोसह कळवा. साहेबांनी उत्तर पाठवलं की इथली लागवड ऑक्टोबरात होईल. पुण्याने कळवलं, ऑक्टोबरसाठी रकाना नाही. शेवटी अहवालात चाकणचाच जुना फोटो गेला.

तेवढ्यात रायणीची पिवळी फळं पिकली होती. जेवणाच्या सुट्टीत कामगार ती पाडून खाऊ लागले, तशी कँटीनच्या दारावर तमिळ, हिंदी आणि मराठीत सूचना लागली: बिया थुंकू नयेत, तातांच्या पिशवीत टाकाव्यात.