खिशातला पंच

पंचनामा हा शब्द आपण इतका सैल वापरतो की त्यामागची कल्पना विसरूनच गेलो आहोत. गारपीट झाली की तलाठी पंचनामा करतो, अधिवेशनात विरोधक सरकारच्या कारभाराचा करतात. मुळात मात्र या शब्दात अविश्वास आहे. पोलिसांना घराची झडती घ्यायची तर सोबत त्याच वस्तीतले दोन स्वतंत्र, प्रतिष्ठित रहिवासी हवेत, असे आपला फौजदारी कायदा सांगत आला. १८७२ च्या पुरावा कायद्याने तर पोलिसापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध वापरायलाच बंदी केली. कायदा लिहिणारे इंग्रज होते, पोलीसही त्यांचेच होते. तरी आपल्या शिपायाच्या शब्दावर विसंबावे असे त्यांना वाटले नाही.

पुढे त्या पंचांचे काय झाले, हे फौजदारी कोर्टात चार दिवस बसलेल्या कुणालाही ठाऊक असते. ठाण्यासमोरचा पानवाला, अंमलदाराच्या ओळखीचा रिक्षावाला, एकच नाव पाच-सहा खटल्यांत. कोऱ्या कागदावर सह्या. उलटतपासणीत हा पंच एक तर पढवलेले बोलतो, नाही तर फितूर होतो. पंच कागदावर उरला, पण ज्या स्वतंत्रपणासाठी त्याला बोलावले होते तो गेला.

पोलिसाच्या छातीवरचा कॅमेरा हा मला या पंचाचाच नवा अवतार वाटतो. त्याला पढवता येत नाही, फितवता येत नाही, हे खरे. पण तो कुणाच्या खिशात राहतो?

या कॅमेऱ्याची कीर्ती पसरली ती कॅलिफोर्नियातल्या रिअ‍ॅल्टो या लाखभर वस्तीच्या गावातून. तिथे २०१२-१३ मध्ये वर्षभर प्रयोग झाला. आधीच्या वर्षी पोलिसांविरुद्ध २४ तक्रारी होत्या, प्रयोगाच्या वर्षी ३ आल्या. बळाच्या वापराचे प्रसंग ६१ वरून २५ वर आले. गाव लहान, दल लहान, प्रमुखाचा स्वतःचा उत्साह दांडगा. पण आकडे डोळे दिपवणारे होते. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट २०१४ मध्ये, मिसुरीतल्या फर्ग्युसन येथे एका पोलिसाने मायकेल ब्राउन या अठरा वर्षांच्या निःशस्त्र कृष्णवर्णीय तरुणाला गोळ्या घातल्या. नेमके काय घडले यावर साक्षीदारांचे एकमत होईना, शहर पेटले आणि कॅमेरा हाच उपाय ठरला. ओबामा सरकारने ५०,००० कॅमेऱ्यांची योजना मांडली. मग राजधानी वॉशिंग्टनमध्ये दोन हजारांवर पोलिसांना सामावून घेणारा मोठा प्रयोग झाला. २०१७ मध्ये त्याचा निष्कर्ष आला: कॅमेरा असलेल्या आणि नसलेल्या पोलिसांच्या वागण्यात मोजण्याजोगा फरक नाही.

एकाच यंत्राचे दोन निकाल कसे? एक धागा २०१६ च्या अभ्यासात सापडतो. रिअ‍ॅल्टोचा प्रयोग ज्यांनी तपासला त्याच संशोधकांनी अनेक पोलीस दलांतली माहिती एकत्र केली. जिथे पोलिसांनी नियमाप्रमाणे सुरुवातीपासून कॅमेरा चालू ठेवला आणि समोरच्याला तसे सांगितले, तिथे बळाचा वापर ३७ टक्क्यांनी घटला. जिथे चालू-बंद त्यांच्या मर्जीवर होते, तिथे तो ७१ टक्क्यांनी वाढला. कॅमेरा दोन्हीकडे छातीवरच होता. बदलले होते ते बटणावरचे बोट.

बाल्टिमोरमधला जानेवारी २०१७ चा प्रसंग तर पंचनाम्याच्या इतिहासात शोभेल असा आहे. एक पोलीस कचऱ्याने भरलेल्या मोकळ्या जागेत जातो, डब्यात अमली पदार्थांची पुडी ठेवतो, बाहेर रस्त्यावर येतो, कॅमेरा चालू करतो आणि परत जाऊन तीच पुडी ‘शोधून’ काढतो. त्याच्या ध्यानात नव्हते एवढेच, की तो कॅमेरा बटण दाबण्यापूर्वीचे ३० सेकंदही जपून ठेवतो. ज्या माणसावर गुन्हा दाखल झाला तो जामिनाची रक्कम भरता न आल्याने काही महिने तुरुंगात होता. बचावाच्या वकिलाने ती ३० सेकंदे पाहिली, म्हणून तो सुटला. नंतर पोलीस दोषी ठरला. यंत्र बनवणाऱ्याने चालू-बंदचा निर्णय ३० सेकंदांपुरता पोलिसाच्या हातातून काढून घेतला होता, आणि नेमका तेवढाच भाग खरे बोलला.

बटणाइतकीच महत्त्वाची कपाटाची किल्ली. शिकागोत ऑक्टोबर २०१४ मध्ये लॅक्वान मॅकडोनाल्ड या सतरा वर्षांच्या मुलावर सोळा गोळ्या झाडल्या गेल्या. गाडीतल्या कॅमेऱ्याने ते टिपले. मुलगा पोलिसांपासून दूर चालत होता, हे दिसत होते. लोकांना ते दिसले तेरा महिन्यांनी, न्यायाधीशाने आदेश दिल्यावर. उत्तर कॅरोलायनाने २०१६ मध्ये कायदाच केला की असे चित्रण सार्वजनिक दस्तऐवज नाही. ते प्रसिद्ध करायचे तर कोर्टात जावे लागेल. म्हणजे नागरिकाच्या पैशाने कॅमेरा, नागरिकाचे चित्रण आणि पाहण्यासाठी वकील करायचा तोही नागरिकानेच.

आणखी एक गोष्ट, जी फारशी बोलली जात नाही. छातीवरच्या कॅमेऱ्यात तो लावणारा दिसत नाही. दिसतो समोरचा: घाबरलेला, ओरडणारा, अंगावर येतोय असा भासणारा. २०१९ च्या एका अभ्यासात एकाच प्रकारची घटना गाडीतल्या कॅमेऱ्यातून पाहणाऱ्यांना पोलिसाचे कृत्य जास्त हेतुपुरस्सर वाटले, छातीवरच्या कॅमेऱ्यातून पाहणाऱ्यांना कमी. मिनियापोलिसमध्ये मे २०२० ला जॉर्ज फ्लॉइडचा जीव गेला तेव्हा चारही पोलिसांच्या अंगावर कॅमेरे होते. तरी पहिल्या पोलिसी निवेदनात ही घटना वैद्यकीय स्वरूपाची होती. जगाला खरे कळले ते पदपथावर उभ्या असलेल्या सतरा वर्षांच्या मुलीच्या फोनमधून. ती मुलगी कायद्याच्या मूळ अर्थाने पंच होती: बाहेरची, कुणाच्या ओळखीची नसलेली, आपण होऊन थांबलेली.

म्हणून कॅमेरे नकोत, असे मी म्हणणार नाही. खोट्या तक्रारीपासून ते हवालदारालाही वाचवतात, आणि बारा तास रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसाला ते संरक्षण हवेच. पण पोलिसांवरचा विश्वास वाढतो तो चित्रण झाले म्हणून नाही, तर त्यावर पोलिसांचा ताबा नाही म्हणून. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० रोजी परमवीर सिंग सैनी प्रकरणात प्रत्येक पोलीस ठाण्यात आवाजासह चित्रण करणारे कॅमेरे लावा, चित्रण अठरा महिने जपा, असे बजावले. सप्टेंबर २०२५ मध्ये राजस्थानातल्या कोठडीमृत्यूंची बातमी वाचून न्यायालयाला स्वतःहून पुन्हा दखल घ्यावी लागली. प्रश्न तोच होता: ठाण्यांतले कॅमेरे चालू का नाहीत?

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १०५ या बाबतीत जास्त शहाणे आहे. झडती आणि जप्तीचे, पंचांच्या सह्यांसकट, चित्रीकरण करायचे आणि ते विलंब न लावता दंडाधिकाऱ्याकडे पाठवायचे. किल्ली दुसऱ्याच्या हाती, निदान कागदावर. मात्र चित्रीकरण फोनवर करायला मुभा आहे, आणि तो फोन तपास अधिकाऱ्याच्याच हातात असतो. पंचाला वकील वर्षानुवर्षे विचारत आले आहेत, की तुम्ही सही केलीत तेव्हा कागदावर काय लिहिले होते? आता त्यांना आणखी एक प्रश्न तयार ठेवावा लागेल: चित्रीकरण सुरू होण्याआधीच्या ३० सेकंदांत खोलीत कोण कोण होते?