यंत्राचं अणुव्रत

रायझन 5 5600जी आणला आणि आमच्या घरात मासा शिरला. डेबियन हे लिनक्स चढवून फर्मवेअरचा, म्हणजे सुटे भाग आतून चालवणाऱ्या प्रोग्रॅमांचा, फोल्डर उघडला, तर या प्रोसेसरच्या ग्राफिक्सला लागणाऱ्या फाइलींची नावं 'ग्रीन सार्डिन'ने सुरू होणारी. एएमडीच्या लोकांनी ठेवलेलं टोपणनाव. सांगली जिल्ह्यातल्या ज्या दिगंबर जैन घरात दिवस मावळल्यावर ताट मांडत नाहीत, बटाटासुद्धा येत नाही, तिथे सार्डिन, म्हणजे तारली! बायकोला सांगितलं तर म्हणाली, "चालू झालंय न्हवं? मग राहू दे की."

अडचण नावाची नव्हतीच. त्या फाइलींमध्ये काय लिहिलंय ते एएमडीबाहेर कोणाला वाचता येत नाही, आणि त्यांच्यावाचून पडद्यावर धड काही उमटत नाही. माझी उभी हयात पतसंस्थांच्या वह्या तपासण्यात गेली. जी नोंद वाचता येत नाही तिच्यावर सही करायची नाही, ही हाताला लागलेली सवय. लिनक्सकडे वळलो तो त्यापायीच, आणि तयार संगणक न घेता सुटे भाग जमवायचा खटाटोपही त्यापायीच.

या बाबतीत सगळ्यात कडक शास्त्र रिचर्ड स्टॉलमन यांचं. 1983 मध्ये त्यांनी जीएनयू प्रकल्प जाहीर केला, 1985 मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन काढलं. या संस्थेचा फर्मवेअरबद्दलचा दंडक असा: ते कारखान्यातच चिपमध्ये कायमचं भरलेलं असेल आणि पुढे कोणी ते बदलणं अपेक्षित नसेल, तर त्याला सर्किटचाच भाग धरायचं, चालतं. तेच फर्मवेअर डिस्कवरून चिपमध्ये चढवावं लागत असेल, तर ते सॉफ्टवेअर, आणि मग ते खुलंच हवं. म्हणजे बंद प्रोग्रॅम दोन्हीकडे सारखाच, एक दिसतो आणि एक दिसत नाही, एवढाच फरक. दृष्टीआड सृष्टी.

जानेवारी 2018 मध्ये स्पेक्टर आणि मेल्टडाउन ही प्रोसेसरमधली भगदाडं जाहीर झाली, तेव्हा या दंडकाची खरी परीक्षा झाली. डागडुजीचा एक भाग मायक्रोकोडच्या नव्या आवृत्तीतून आला. मायक्रोकोड हा प्रोसेसरच्या पोटातला बंद प्रोग्रॅम. यंत्र विकत घेतो तेव्हापासून तो आत असतोच. कडक वाटेने जाणाऱ्याने नवी आवृत्ती डिस्कवरून चढवायची नाही, कारण ती बंद. जुनीही बंदच, शिवाय भगदाडाची. पण ती आत आधीपासून आहे म्हणून चालते. हे मला पटत नाही. शुद्धतेच्या नावाखाली इथे फक्त नजर वळवली जाते.

अशा वेळी मला आजी आठवते. ती विहिरीचं पाणी दुहेरी फडक्यातून गाळायची. मग फडकं उलटं धरून त्यावर गाळलेलंच पाणी ओतायची, आणि ते धुवण बादलीने विहिरीच्या पाण्यापर्यंत नेऊन अलगद सोडायची. वरून फेकायचं नाही, जीव दुखावतात. आणि विहीर तीच हवी, दुसरी नाही. शाळेत सूक्ष्मदर्शक पाहून आल्यावर मी तिला ऐकवलं की फडक्यातून असंख्य जीव आरपार जातात. ती म्हणाली, "ठावं हाय की. म्हणून गाळायचंच सोडू व्हय?"

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात व्रताचे दोन प्रकार सांगितले आहेत. अंशतः पाळायचं ते अणुव्रत, पूर्णपणे पाळायचं ते महाव्रत. पहिलं गृहस्थाचं, दुसरं मुनीचं. अणुव्रत म्हणजे नापास झालेलं महाव्रत नव्हे. मर्यादा आधी ठरवायची, चारचौघांत सांगायची, आणि मग तेवढी काटेकोर पाळायची, अशी त्याची स्वतंत्र शिस्त आहे. डेबियनने 2022 मध्ये मतदान घेऊन नेमकं हेच केलं, असं मी मानतो. त्यांनी आपल्या सामाजिक करारात बदल केला आणि बंद फर्मवेअर अधिकृत इन्स्टॉलरमध्ये घेतलं. मात्र त्याला वेगळा कप्पा दिला, नाव देऊन. 2023 च्या डेबियन 12 पासून ते लागू झालं.

कडक मंडळींना मी हसत नाही, हेही सांगायला हवं. 'बंद असेल तर घेणार नाही' म्हणणारं कोणीच नसतं, तर एएमडीने 2007 मध्ये ग्राफिक्सची कागदपत्रं खुली करायला घेतली असती का? गावात मुनी आले की गृहस्थाचीही पाठ सरळ होते. पण मुनींचं पिंछी-कमंडलूवर भागतं. मला महिनाअखेरीला बँकेचं पोर्टल उघडायचं असतं.

माझी मर्यादा अशी: खुला पर्याय बाजारात असेल तिथे बंद घ्यायचा नाही. ग्राफिक्सला तसा पर्याय मला सापडला नाही. वाय-फायला होता. अथेरॉसच्या एआर 9271 या चिपच्या फर्मवेअरचा मूळ कोडसुद्धा खुला आहे. पंचाईत अशी की एका नामांकित कंपनीच्या यूएसबी वाय-फायच्या पहिल्या आवृत्तीत ही चिप होती, दुसरीपासून रिअलटेकची आली, आणि खोक्यावरचं नाव मात्र तेच राहिलं. म्हणून दुकानात पेनड्राइव्हवरचं लिनक्स घेऊनच गेलो. काउंटरवरच्या संगणकाला ते लावून एकेक नग खोचून पाहिला, 9271 हा आकडा दिसला तो उचलला. दुकानातला पोरगा कंटाळून म्हणाला, "काका, याच पैशात पाचपट स्पीडचं देतो की." खरंच होतं त्याचं. हे फक्त 2.4 गिगाहर्ट्झवर चालतं, आणि कागदावरसुद्धा 150 एमबीपीएसच्या वर जात नाही.

डेबियनमध्ये व्हीआरएमएस नावाचा एक गमतीचा प्रोग्रॅम होता, 'व्हर्च्युअल रिचर्ड स्टॉलमन'. आपल्या यंत्रात बंद काय काय बसवलंय त्याची यादी तो समोर मांडतो. आता त्याचं नाव बदललंय, काम तेच. आमच्यात गुरूपुढे बसून आपले दोष एकेक करून सांगतात, त्याला आलोचना म्हणतात. मी महिन्याचे हिशेब संपले की हा प्रोग्रॅम चालवतो. दोन ओळी येतात, ग्राफिक्सचं फर्मवेअर आणि मायक्रोकोड. एएमडीच्या प्रोसेसरमध्ये पीएसपी नावाचा आणखी एक छोटा प्रोसेसर असतो. मुख्य प्रोसेसरच्या आधी तो जागा होतो, त्याचा प्रोग्रॅमही बंदच, आणि त्याला वगळून यंत्र सुरूच होत नाही. तो डिस्कवर नसल्यामुळे यादीत त्याचं नाव येत नाही. त्याची तिसरी ओळ मी वहीत हाताने लिहितो.