बाजार पाहणाऱ्याचा धर्म

खरेदीविक्रीच्या नीतीचा विचार जगातील बहुतेक धर्मपरंपरांनी बारकाईने केलेला आहे. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात अस्तेयव्रताचे, म्हणजे चोरी न करण्याच्या व्रताचे, अतिचार सांगितले आहेत. अतिचार म्हणजे व्रत पुरते न मोडता त्याला डाग लावणारे दोष, आणि त्यांत कमीजास्त वजनमापे वापरणे हा एक दोष आहे. अंगुत्तरनिकायात उपासकाने शस्त्रे, सजीव, मांस, मद्य आणि विष यांचा व्यापार करू नये असा उपदेश येतो, तर कुराणाच्या 83 व्या सूरेत, घेताना माप पुरे भरून घेणाऱ्या पण देताना कमी देणाऱ्या माणसाचा कडक शब्दांत निषेध केलेला आहे. या सगळ्या नियमांचा रोख विकणाऱ्याकडे आणि विकत घेणाऱ्याकडे आहे. जो काही विकायला आलेला नाही आणि घ्यायलाही आलेला नाही, ज्याला फक्त बाजार पाहायचा आहे, त्याने तेथे कसे वागावे याविषयी हे ग्रंथ फारसे काही सांगत नाहीत, कारण असा माणूस त्या काळी क्वचितच आढळत असावा. आज तो मेक्सिको शहरातील मोहल्ल्यांच्या बाजारात दिसतो, तसाच यवतमाळ जिल्ह्यातील आठवडी बाजारातही दिसू लागला आहे. आणि म्हणून केवळ पाहणे ही निर्दोष कृती आहे काय, हा प्रश्न धर्मविचारापुढे नव्याने उभा राहतो.

यवतमाळमध्ये हा प्रश्न प्रामुख्याने पांढरकवडा परिसरात उद्भवतो. नागपूरहून हैदराबादकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावरील या गावाजवळच टिपेश्वरचे अभयारण्य आहे; सुमारे 148 चौरस किलोमीटरच्या या जंगलाला 1997 साली अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि वाघ हमखास दिसतो अशी ख्याती झाल्यापासून तेथे दूरदूरच्या शहरांतून माणसे येऊ लागली. सकाळची फेरी आणि दुपारची फेरी यांच्या मधल्या वेळात, किंवा परतीच्या वाटेवर, यांतील काही मंडळी भोवतालच्या एखाद्या बाजारात उतरतात. केळापूर, झरी जामणी, मारेगाव, घाटंजी या तालुक्यांतील आठवडी बाजारांत कोलाम आणि गोंड समाजाची माणसे पोडांवरून आणि गुड्यांवरून, म्हणजे आपल्या छोट्या वस्त्यांवरून, चालत किंवा मिळेल त्या वाहनाने येतात. कोलाम ही महाराष्ट्रातील तीन विशेष असुरक्षित आदिम जमातींपैकी एक असून तिची कोलामी बोली द्रविड भाषाकुळातली आहे. बांबूच्या टोपल्या आणि सुपे, उन्हाळ्यात मोहफुले, चारोळी आणि डिंक, पावसाळ्यात तरोटा आणि काटवल यांसारख्या रानभाज्या हा त्यांचा माल. आणि मीठ, तेल, मिरची, कापड, औषध हा त्यांचा परतीचा बोजा. पाहायला आलेल्याच्या डोळ्यांना यांतला पहिला भाग सुंदर दिसतो, दुसरा बहुधा दिसतच नाही.

केवळ पाहण्याचे समर्थन करू पाहणाऱ्याला भारतीय दर्शनांत एक भक्कम आधार सापडू शकतो. सांख्यमताप्रमाणे पुरुष, म्हणजे शुद्ध चैतन्य, हा द्रष्टा आणि साक्षी आहे. तो काही करीत नाही, कशात गुंतत नाही, आणि प्रकृतीचा सारा खेळ त्याच्यासमोर घडत असूनही त्याला लेप लागत नाही. ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेत यासाठी नर्तकीचा दृष्टान्त दिला आहे: रंगमंचावर आपली कला दाखवून झाली की ती जशी निवृत्त होते, तशी पुरुषाला स्वतःचे दर्शन घडवून प्रकृती निवृत्त होते. या न्यायाने बाजारात उभा राहिलेला पर्यटकही एक साक्षीच होय, त्याने कुणाचे काही घेतले नाही आणि कुणाचे काही बिघडवले नाही, असे म्हणता येईल. परंतु हा युक्तिवाद दोन ठिकाणी कोसळतो. एक तर सांख्यांचा साक्षी निरिच्छ आहे, आणि पर्यटक इच्छेनेच निघालेला असतो. त्याला वेगळेपण हवे असते, छायाचित्र हवे असते, घरी गेल्यावर सांगण्याजोगे काही हवे असते, म्हणजे तो घ्यायलाच आलेला असतो, फक्त त्याच्या घेण्याला भाव लागलेला नसतो. दुसरे असे की कारिकेतली प्रकृती जड आहे, तिला पाहिले जाण्याची व्यथा नाही. टोपल्या मांडून बसलेली बाई मात्र स्वतःही पाहत असते. देवळातल्या दर्शनाची कल्पना या बाबतीत सांख्यांच्या साक्षीपेक्षा अधिक उपयोगी आहे, कारण भक्त देवाला पाहतो तेव्हा देवाचीही दृष्टी आपल्यावर पडावी ही त्याची आस असते, आणि म्हणून तो अंघोळ करून, पायातले काढून, हात जोडून पुढे जातो. समोरच्याची नजरही खरी आहे हे एकदा मान्य केले की पाहणाऱ्याला वागण्याचे नियम आपोआप लागू होतात.

असे नियम बाजाराने स्वतः घडवलेले आहेत, आणि त्यांतला भवानीचा नियम जवळून पाहण्यासारखा आहे. दिवसाच्या पहिल्या विक्रीला भवानी म्हणतात. विदर्भात हिंदीच्या सान्निध्यामुळे बोहनी हा शब्दही तितकाच चालतो. पहिल्या गिऱ्हाइकाने दिलेली नोट विक्रेती तराजूला लावते, मग कपाळाला लावते आणि मगच कमरेच्या पिशवीत टाकते. पहिले गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परत जाऊ नये म्हणून ती पुष्कळदा चार पैसे कमी घेते, कारण पहिल्या हातावर दिवसाचा धंदा ठरतो अशी तिची श्रद्धा असते. आता सकाळी सकाळी एखादा पाहुणा येतो, टोपली हातात घेऊन उलटीपालटी करतो, भाव विचारतो, घासाघीसही करून पाहतो, आणि हसून टोपली खाली ठेवून पुढे जातो. त्याच्या लेखी काहीच घडलेले नाही. तिच्या लेखी मात्र दिवसाची सुरुवात मोडलेली आहे. ही अंधश्रद्धा आहे म्हणून सोडून देणे सोपे आहे. पण या समजुतीच्या मुळाशी असलेले तत्त्व विवेकाला पटण्याजोगे आहे, ते असे की भाव विचारणे हे एक प्रकारचे वचन आहे, आणि ज्याच्या मनात घेण्याचा विचारच नाही त्याने ते देऊ नये. तोलून झाल्यावर वर टाकलेली मूठभर सांबार, म्हणजे कोथिंबीर, किंवा दोन हिरव्या मिरच्या, हेही याच नीतीचे दुसरे टोक आहे. हिशेब पुरा झाल्यानंतर दिलेले हे थोडेसे जास्तीचे माणसाला पुढच्या आठवड्याशी बांधून ठेवते. जो पुढच्या आठवड्यात येणारच नाही त्याच्या पिशवीतही ते पडते, ही बाजाराची उदारता म्हणायची.

बाजार आणि देव यांचा संबंध यवतमाळकरांना नवा नाही. वणीला रंगनाथस्वामींच्या जत्रेबरोबर बैलबाजार भरतो. केळापूरच्या जगदंबेची नवरात्रातली यात्रा असो वा आर्णी येथील बाबा कंबलपोष यांच्या दर्ग्याचा उरूस, दर्शन आणि दुकाने तेथे एकाच आवारात नांदतात आणि उरुसात हिंदू व मुसलमान दोघेही असतात. मेक्सिकोतही हेच आढळते. तेथील मोकळ्या जागी भरणाऱ्या पारंपरिक बाजाराला तिआंगीस म्हणतात, आणि सोळाव्या शतकातील दिएगो दुरान या डोमिनिकन पंथाच्या धर्मोपदेशकाने नोंदवून ठेवले आहे की स्पेनच्या स्वारीपूर्वी बाजाराला स्वतःची देवता होती, बाजारात तिचे ठाणे असे, विकायला आलेली माणसे तेथे आपल्या मालातले काही वाहत, आणि बाजाराला निघालेला माल वाटेतच विकला तर ती देवता कोपते असा लोकांचा समज होता. दुरानला हे सारे भोळसटपणाचे वाटले. परंतु या समजुतीत एक मोठी सामाजिक जाण दडलेली आहे: बाजार केवळ मालाच्या अदलाबदलीपुरता असता तर माल वाटेत विकला काय आणि बाजारात विकला काय, फरक पडला नसता, माणसांनी एकत्र जमणे हेच तेथे पवित्र मानले गेले होते. आजच्या मेक्सिकन मोहल्ल्यांच्या बाजारांत त्या देवतेची जागा ग्वादालुपेच्या मातेने घेतली आहे, गाळ्यांच्या मध्ये तिची वेदी फुलांनी सजवलेली असते आणि 12 डिसेंबरला तिचा सण साजरा होतो. चियापास प्रांतातील सान हुआन चामुला येथील त्झोत्झिल लोकांनी तर पाहुण्यांना स्पष्ट मर्यादा घातली आहे: त्यांच्या चर्चमध्ये पाहुण्यांना प्रवेश मिळतो, छायाचित्र घेता येत नाही. कोलामांनी अशी मर्यादा सांगणारा फलक कोठे लावलेला नाही. तो नसल्याचा अर्थ संमती असा काढणे हा अन्याय आहे.

बाजाराचे हे पावित्र्य सांगताना एक कटू गोष्ट झाकून ठेवता येणार नाही. बाजार सर्वांचा, असे म्हणण्याची पद्धत असली तरी तो सर्वांना सारखा खुला कधीच नव्हता. अस्पृश्य मानलेल्या माणसाने पैसे दुरून ठेवायचे आणि त्याच्या पदरात माल वरून टाकायचा, ही रीत अनेक पिढ्यांनी सोसली आहे. भारतीय संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदातील दुसऱ्या खंडात दुकानांचा नावानिशी उल्लेख करून धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून तेथील प्रवेशाला आडकाठी करण्यास मनाई करावी लागली, यातच त्या इतिहासाची साक्ष आहे. ज्या जागेत समान माणूस म्हणून उभे राहण्यासाठी इतका झगडा करावा लागला, त्या जागेतील माणसाला पुन्हा एकदा प्रेक्षणीय वस्तू करून टाकणे ही केवळ शिष्टाचारातली साधी चूक ठरत नाही.

परक्याने गावात कसे जावे, याचे उत्तर वऱ्हाडच्या मातीतच शोधता येते. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींनी आपल्या अनुयायांना जो आचार सांगितला त्यात अटन, विजन आणि भिक्षा यांना मोठे स्थान आहे. अटन म्हणजे एका जागी आसक्ती न जडू देता गावोगाव फिरणे, विजन म्हणजे निर्जन स्थळी एकांतात राहणे, आणि भिक्षा म्हणजे घरोघरून थोडे थोडे मागून मिळेल ते खाणे. बाहेरून पाहिले तर चक्रधरांच्या महानुभाव पंथाचा भिक्षू आणि पर्यटक दोघेही फिरस्तेच. परंतु भिक्षूच्या फिरण्यात निवड नाही, अमुक गाव रम्य म्हणून जायचे आणि तमुक रुक्ष म्हणून टाळायचे असे नाही, आणि गावापुढे तो हात पसरून, म्हणजे स्वतःला लहान करून, उभा राहतो. चक्रधरांचे गुरू गोविंदप्रभू यांच्या ऋद्धिपुरातील लीळांत ते बाजारातून हिंडताना, विक्रेत्यांकडील खाण्याचे जिन्नस चाखताना दिसतात, आणि गाव ते सहन करते, नव्हे, कौतुकाने पाहते, कारण ते आयुष्यभर त्याच गावाचे होऊन राहिलेले होते. सलगीचा हा अधिकार राहण्याने मिळतो, भेटीने नव्हे.

याच प्रदेशात 1876 साली जन्मलेल्या गाडगेबाबांनी परक्याच्या वर्तनाला आणखी पुढे नेले. अनोळखी गावात शिरताच ते हातातल्या खराट्याने रस्ता झाडायला लागत, दिवसभर घाण उपसत, मिळेल ती भाकर खात आणि रात्री कीर्तनातून त्याच गावाला दारू, कर्ज, पशुहत्या आणि शिवाशीव यांविषयी खडसावून विचारत. पाया पडू पाहणाऱ्याला ते जवळ येऊ देत नसत. गावाविषयी बोलण्याचा हक्क त्यांनी आधी श्रमाने मिळवला होता. पर्यटकाने पांढरकवड्याचा बाजार झाडावा असे येथे सुचवायचे नाही, पण आधी देणे आणि मग पाहणे हा क्रम त्याला अगदीच अशक्य नाही.

या जिल्ह्याला पाहिले जाण्याचा एक वेगळा इतिहासही आहे आणि तो दुःखद आहे. कापूस पिकवणाऱ्या शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे यवतमाळचे नाव देशभर झाले, 2006 साली पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांनी विदर्भाचा दौरा करून यवतमाळसह सहा जिल्ह्यांसाठी 3,750 कोटी रुपयांची मदत जाहीर केली, आणि त्या वर्षांत पुढारी, पत्रकार, अभ्यासक यांची रीघ लागली. त्यांतील पुष्कळांचे येणे आवश्यक होते, काहींच्या येण्याने धोरणेही बदलली. तरीही एकाच घरात तीच कहाणी पुन्हा पुन्हा सांगावी लागलेल्या माणसांच्या मनात पाहायला येणाऱ्यांविषयी जो थकवा साचला, तो आज बाजारात कॅमेरा रोखणाऱ्याला ठाऊक नसतो. जंगलात त्याला शिकवलेले असते की सफारीच्या जिप्सी गाडीतून उतरू नये, बोलू नये, काही देऊ नये, फक्त पाहावे. वाघाच्या बाबतीत हे नियम उत्तम आहेत. तेच डोळे, तीच शांतता आणि तेच अंतर घेऊन तो बाजारात उतरतो तेव्हा माणसांचा अपमान होतो, कारण बाजारात नेमके उलटे करायचे असते: खाली उतरायचे, बोलायचे, घ्यायचे आणि द्यायचे.

तेव्हा टिपेश्वरहून परतताना ज्यांना बाजार पाहायचा असेल त्यांनी तो जरूर पाहावा, पण पिशवी घेऊन जावे आणि ज्या वस्तूंची घरात गरज आहे त्या घ्याव्यात. भवानी होण्याआधी उगाच भाव विचारू नये. सफारीवर हजारो रुपये खर्च करून सुपामागे दहा रुपयांसाठी हुज्जत घालू नये, तसेच न मागता जास्तीचे पैसे हातात कोंबून विक्रेतीला याचक करू नये. सांगितलेला भाव द्यावा आणि वर टाकलेली सांबार आनंदाने घ्यावी. छायाचित्र हवे असेल तर आधी विचारावे, आणि नाही म्हटले तर कॅमेरा पिशवीत ठेवून द्यावा.