सोसणे आणि सांभाळणे

जो रोग माणसाचा जीव घेत नाही आणि माणसाला सोडूनही जात नाही, त्याच्याशी कोणत्या नात्याने राहावे? शत्रू म्हणावे, तर शत्रूला कधीतरी जिंकता येते. पाहुणा म्हणावे, तर पाहुणा केव्हातरी निरोप घेतो. सोरायसिस या त्वचारोगाचे दोन्ही नाही. शरीराची संरक्षक शक्तीच यात बिघडते. एरवी महिनाभरात नवी होणारी त्वचा चारपाच दिवसांतच घाईने वाढू लागते आणि लाल चट्ट्यांवर रुपेरी खपल्या साठतात. स्पर्शाने हा रोग पसरत नाही. औषधांनी तो आटोक्यात राहतो; समूळ मात्र जात नाही.

डॉक्टरची गाठ वर्षातून चारदोनदा पडायची. बाकीचे सारे दिवस रोग्याने स्वतःच स्वतःला सांभाळायचे. मग त्याला शिकवायला नको का? वैद्यक मला कळत नाही. शिकवणे मात्र थोडेफार कळते. कारण न सांगता दिलेली आज्ञा मूल चार दिवस पाळते. कारण उमगले की ते स्वतःच मार्ग काढते. ‘मलम लावा’ ही झाली आज्ञा. किती लावावे, याचे एक सोपे माप लाँग आणि फिन्ले यांनी १९९१ साली सांगितले : तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेराच्या रेघेपर्यंत नळीतून काढलेले मलम म्हणजे सुमारे अर्धा ग्रॅम, आणि ते बोटांसकट दोन पंजांएवढ्या जागेला पुरते. तराजू रोग्याच्या हातालाच चिकटलेला आहे. तो दाखवणारा हवा.

माझ्या नववीच्या वर्गात अशी एक मुलगी होती. सोरायसिसमध्ये त्वचा खरवडली गेली तर तेथेच नवा चट्टा उठू शकतो, हे तिला कुणीतरी नीट समजावून दिले होते. नरकचतुर्दशीला तिने आजीला सांगितले, “तेल हवे तेवढे लाव, पण उटणे घासू नकोस, घासले की चट्टे वाढतात.” आजीने ऐकले. त्या घरात ज्ञान धाकटीकडून थोरलीकडे गेले!

पण पुढची गोष्ट अधिक विचार करण्याजोगी आहे. परीक्षेच्या दिवसांत तिचे चट्टे पुन्हा उठले. सारे पथ्य पाळूनही उठले. घरचे म्हणाले, “एवढे शिकवले, तरी काळजी घेतली नसशील!” मला वाटते, ज्ञानाचा चाबूक होतो तो असा. पूर्वी लोक रोग्याला पापी म्हणत. आता बेफिकीर म्हणतात. शब्द बदलला, आरोप तोच राहिला.

येथे जबाबदारी आणि दोष यांची फारकत केली पाहिजे. रोज त्वचेला ओलावा देणे, माप राखणे, आपल्या मनाने मलम वाढवणे वा तोडणे टाळणे, ही रोग्याची जबाबदारी खरी. परंतु मनावरचा ताण, घशाचा एखादा संसर्ग, हिवाळ्याची कोरडी हवा यांनीही हा रोग उसळतो. त्यांचा हिशेब त्याच्या नावावर कसा मांडायचा? सोसणाऱ्याला काही कळत नसते, म्हणून तो नशिबाला बोल लावतो. सांभाळणाऱ्याला आपल्या हातात काय आहे आणि काय नाही, हे दोन्ही ठाऊक असते. शिक्षणाने माणसाला यापरते काय द्यायचे असते?

रोग्याने हा धडा अवश्य गिरवावा. घरच्यांचा धडा मात्र त्याहून कठीण आहे : चट्टा पुन्हा उठला, तर जाब न विचारता मलमाची नळी पुढे करायची.