वाळूची मर्यादा



पर्वतावरील प्रवचनाच्या शेवटी प्रभू येशूने दोन घरांची गोष्ट सांगितली आहे (मत्तय ७:२४-२७). एक घर खडकावर, दुसरे वाळूवर. ती ऐकताना आपण त्या मूर्ख माणसाला हसतो आणि वाळू मात्र उगाच बदनाम होते. पवित्र शास्त्रात वाळूविषयी आणखी एक वचन आहे, ते आपल्या कानावर क्वचित पडते. यिर्मया संदेष्टा सांगतो की परमेश्वराने समुद्राला वाळूची सीमा घालून दिली. लाटा कितीही खवळल्या तरी त्यांनी ती ओलांडू नये (यिर्मया ५:२२). खडकाची नव्हे, वाळूची सीमा! आपण किनाऱ्यावरची माणसे. हे वचन आपल्याला पाठ असायला हवे होते.

आज ती सीमा कुठे आहे, हे पाहायला फार लांब जावे लागत नाही. रानगाव, भुईगाव, कळंब, राजोडी, नवापूर, अर्नाळा, कुठल्याही किनाऱ्यावर पावसाळ्यानंतर जाऊन यावे. सुरूची झाडे मुळांसकट आडवी झालेली दिसतात. अर्नाळा किल्ल्याच्या बेटावर तर उधाणाच्या भरतीने कोळी बांधवांची घरे नेली आहेत. बेटावरच्या माणसाने मागे सरकायचे म्हटले तरी सरकायचे कुठे?

ही वाळू जाते कशी? खरे तर ती दरवर्षीच जाते. पावसाळ्यातील मोठ्या लाटा ती ओढून थोडी आत, उथळ पाण्यात नेऊन ठेवतात आणि हिवाळ्यातील शांत लाटा ती पुन्हा किनाऱ्यावर आणून टाकतात. बँकेतल्या खात्यासारखाच हा व्यवहार आहे. पैसे काढले तरी चिंता नाही, भरणा होत राहिला पाहिजे. आपल्या किनाऱ्याचा भरणा करायच्या त्या नद्या. सह्याद्रीतला गाळ आणि रेती घेऊन वैतरणा उत्तरेला समुद्रास मिळते, उल्हास दक्षिणेला वसईच्या खाडीतून येते. पण वरच्या अंगाला धरणे झाली. तानसा १८९२ साली, मोडक सागर १९५७ साली, मध्य वैतरणा २०१४ साली. धरणात पाण्याबरोबर रेतीही अडते. हे सारे पाणी मुंबई पिते, असे म्हणून आपल्याला हात झटकता येणार नाहीत. आपल्या नळाला येणारे सूर्या नदीचे पाणीही धरणाचेच आहे आणि सूर्या ही वैतरणेचीच उपनदी.

म्हणजे भरणा कमी झाला. त्यात समुद्राची पातळी वाढते आहे आणि अरबी समुद्रातली वादळे जोर धरत आहेत. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्यासमोरून गेले, ती रात्र आपण विसरलेलो नाही. १९९० ते २०१८ या काळातील पाहणीनुसार भारताच्या किनाऱ्याचा सुमारे एक तृतीयांश भाग झिजतो आहे. तेव्हा दुखणे एकट्या वसईचे नाही.

आता थोडे अवघड बोलायचे आहे. भरणा कमी झालेल्या या खात्यातून चोरून पैसे कोण काढते? किनाऱ्यावरची वाळू काढण्यास १९९१ च्या सागरी किनारा अधिसूचनेनेच मनाई केली. तरी रात्री वाळू भरली जाते, खाडीत सक्शन पंप लागतात. हरित वसई संरक्षण समितीच्या लढ्यात फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या मागे आपली माणसे रस्त्यावर उतरली, तेव्हा जमीन गिळायला येणारा बाहेरचा होता. वाळूच्या बाबतीत तसे म्हणता येईल का? गाडीवर कामाला जाणारा मुलगा आपल्यापैकी कोणाचा तरी असतो. त्याला चार पैसे मिळतात, घर चालते, आणि त्याच्यावर एकट्यावर दगड उचलणे सोपे आहे. पण ती वाळू शेवटी घराच्या गिलाव्यात आणि कुंपणाच्या भिंतीत जाते. स्वस्त मिळाली म्हणून आपण विचारत नाही. चोरी करू नको, ही आज्ञा चोरीचा माल घेणाऱ्यालाही लागू आहे, हे आपण पहिल्या कम्युनियनच्या वर्गातच शिकलो होतो.

मग बंधारा बांधा, असे सगळेच म्हणतात. जिथे घराच्या उंबरठ्याशी पाणी आले आहे तिथे धूपप्रतिबंधक बंधाऱ्यावाचून गत्यंतर नाही, हे मान्य. परंतु दगडी भिंतीवर आपटलेली लाट परत फिरताना पायथ्याची वाळू घेऊन जाते आणि जिथे भिंत संपते तिथे शेजारच्या गावाचा किनारा अधिक कापला जातो. आपल्या गावापुरता बंधारा मागणे म्हणजे समुद्र शेजाऱ्याच्या दारी पाठवणे होय. ‘माझा शेजारी कोण?’ हा शास्त्र्याचा प्रश्न वसईच्या किनाऱ्यावर असा उभा राहतो. म्हणून मागणी करायचीच तर अर्नाळ्यापासून रानगावपर्यंतच्या साऱ्या किनाऱ्याचा एकत्र विचार व्हावा, अशी करावी.

दगडाखेरीज दुसरेही उपाय आहेत. खाडीकाठची तिवरे लाटेचा जोर मोडतात, ती भराव घालून मारू नयेत. वाळूच्या टेकड्या सपाट करून तिथे रिसॉर्ट किंवा गाड्यांचा तळ करू नये. त्या टेकड्यांवर जांभळ्या फुलांचा एक वेल जमिनीलगत पसरतो आणि उडणारी वाळू धरून ठेवतो. सुरूपेक्षा हे काम तो चांगले करतो, कारण सुरूची मुळे उथळ. खालची वाळू सरकली की झाड कोसळते. आपल्या पूर्वजांनी त्या वेलाला नाव दिले मर्यादवेल. त्यांनी यिर्मया वाचला नसेल, पण समुद्र ओळखला होता.

१ सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर हा सृष्टीचा काळ आपण पाळतो आणि दिवंगत पोप फ्रान्सिस यांच्या २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकाची आठवण काढतो. यंदा सुरुवात घरापासून, म्हणजे देवळापासून करू या. देवळाच्या आवारात काही बांधकाम निघाले तर रेती आणणाऱ्याकडे वाहतुकीचा परवाना मागावा, नाही तर दगडाच्या चुऱ्याची वाळू वापरावी. खर्च वाढेल, वर्गणीही थोडी वाढवावी लागेल. परवाना नसलेली गाडी फाटकातून परत पाठवावी, मग ती आपल्याच माणसाची का असेना. काम महिनाभर थांबले तरी चालेल.